बोरटेकचं एक मत

पिंप्राळा, जळगाव
६ मे २०२५

आदरणीय आधारकाका,

नमस्कार. तुम्हाला फोन केला होता, तो प्रशीलने उचलला. म्हणाला, बाबांना फोनवर काही ऐकू येत नाही, नुसतं हो-हो करतात, ताई तुम्ही पत्रच लिहा. म्हणून बऱ्याच वर्षांनी पोस्टात जाऊन पाकिटं आणली.

आबांबद्दल तुम्हाला कळलंच असेल. दिवाळीत झटका आला, उजवा हात गेला. आता माझ्याकडेच आहेत. डोकं शाबूत आहे, पण बोलणं तुटतं. दिल्लीतलं हिंदी गेलं, सभेतलं मराठी गेलं, उरली ती आपली अहिराणी. डॉक्टर म्हणतात, माणूस शेवटी आईच्या भाषेत येतो.

१९ ऑक्टोबरला त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतील. जुन्या कार्यकर्त्यांनी गौरवग्रंथ काढायचं ठरवलंय आणि मी कॉलेजात मराठी शिकवते म्हणून संपादनाचं काम माझ्या गळ्यात मारलंय. सगळा आलेख जमवलाय. २००४ ला अपक्ष, चिन्ह कपबशी, अकरा हजार मतं, डिपॉझिट जप्त. २००९ ला पक्षाचं तिकीट, साडेतीन हजारांनी खासदार. २०१४ ला पुन्हा, लाखाच्या वर. २०१९ ला एकसष्ट हजारांनी पडले. २०२४ ला तिकीटच नाही. दहा वर्षांत संसदेत चारशे बारा प्रश्न. आकडे झाले, पण आकड्यांचा ग्रंथ कोण वाचतो?

पहिलं प्रकरण तुमचं आहे. २००४ ला तुमच्या वस्तीच्या बूथवर, क्रमांक १४३, दोनशे शहाऐंशी मतं पडली आणि त्यात कपबशीला एक. निकालानंतर आबा ते एक मत शोधत बोरटेकला आले आणि तुम्ही सापडलात. ही गोष्ट त्यांनी किती सभांत सांगितली, याची मोजदाद नाही. पण तुमच्या तोंडून कुणीच ऐकली नाही. चार पानं लिहून पाठवा. सोबत एक फोटो. आबा अजून म्हणतात, आधारने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही. मी मात्र मागतेय.

तुमची,
ज्योत्स्ना


बोरटेक, ता. शिंदखेडा
१८ मे २०२५

ज्योत्स्नाताईंना आधारचा सविनय जय भीम.

पत्र मिळालं. आबांना झटका आल्याचं प्रशीलने नरडाण्याहून, कंपनीतून आल्यावर सांगितलं होतं. यायचं मनात होतं. आलो नाही, हे खरं.

लिहायचं म्हणता, पण ताई, माझा हात चालत नाही. सातवी शिकलेला माणूस मी, ग्रंथात कुठे बसणार? तुम्हाला दुसऱ्या गोष्टी सांगतो, त्या घाला. २००९ च्या प्रचारात आम्ही जीपमध्ये एकवीस दिवस झोपलो. आबांचा घसा बसला की मला माइक द्यायचे. मी म्हणायचो, मी आधार, बोरटेकचा, पुढचं आबा सांगतील. लोक हसायचे. निकालाच्या दिवशी शेवटच्या फेरीपर्यंत आबा मागेच होते. काही न खाता ते बाकावर बसलेले, आणि मी त्यांच्या चपला शोधत होतो, कारण गर्दीत एक चप्पल हरवली होती. ते निवडून आले तेव्हा त्यांच्या एका पायात माझी चप्पल होती. हे कुठे आलेलं नाही.

२०१४ ला तर गावोगाव ओवाळायला बाया ताटकळत. मला त्या विजयाची मजा आली नाही. साडेतीन हजारांचा माणूस मतदारांच्या घरी जातो. लाखाचा माणूस स्टेजवरून हात हलवतो. आबांना मी हे म्हटलं होतं, ते हसले होते. २०१९ ला पडले तेव्हा पुन्हा घरोघरी गेले, पण तेव्हा चहा कुणी ठेवला नाही.

नरडाण्याला गाडी थांबावी म्हणून त्यांनी किती खेटे घातले, ते घाला. कापसाच्या भावावरून सभागृहात बोलले, ते घाला. त्या मताचं राहू द्या. जुनी गोष्ट आहे आणि सगळ्यांना पाठ आहे. फोटोही नको.

माझी मंडळी जाऊन येत्या भाद्रपदात सहा वर्षं होतील. घरात आता लिहायला बसलं तर कुणी बोलत नाही, एवढंच बरं आहे.

आपला,
आधार


पिंप्राळा, जळगाव
३० मे २०२५

आधारकाका,

हात चालत नाही म्हणता आणि दोन पानं भरून लिहिता. चपलेचा किस्सा आबांना वाचून दाखवला. इतके हसले की ठसका लागला, मग मलाच रागावून घेतलं. तुम्हाला लिहिता येतं, लिहायचं नाही एवढंच. नम्रता पुरे झाली काका.

आता खरं कारण सांगते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी रोज दुपारी आबांना काहीतरी बोलायला लावते. दिल्लीचं विचारलं तर अर्ध्यात अडकतात. आईचं विचारलं तर डोळे भरतात आणि शब्द येत नाही. पूर्ण, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्यांना एकच गोष्ट सांगता येते. मतमोजणीचं टेबल, १४३ चं मशीन, कपबशीपुढे एक. मग बोरटेकची चावडी, खाली माना घालून बसलेले पुरुष, आणि त्यात तुम्ही. 'आधार, तूच ना रे?' तुम्ही मान हलवली आणि आबांनी मिठी मारली. इथे ते दर वेळी डावा हात उचलतात, तुम्हाला मिठी मारल्यासारखा. काका, त्यांच्या सगळ्या राजकारणातलं एवढंच उरलंय.

समारंभात स्टेजवर तुम्ही त्यांच्या शेजारी बसायचंय. खुर्ची ठरली आहे. आबांच्या सांगण्याप्रमाणे मी प्रकरणाचा कच्चा खर्डा केलाय, सोबत पाठवतेय. तुम्ही फक्त वाचा, चुकलं असेल तिथे खूण करा आणि खाली सही करा. एवढं तरी कराल ना?

ज्योत्स्ना


बोरटेक
२२ जून २०२५

ज्योत्स्नाताई,

खर्डा वाचला. खुणा करायला बसलो, तर पहिल्या ओळीपासून कराव्या लागल्या. तीन आठवडे तो कागद डब्यात ठेवला, काढला, ठेवला. आज लिहितो.

ते मत माझं नव्हतं.

तुमच्या आबांनी २००४ ला वस्तीत प्रचार केला, तेव्हा त्यांची पत्रकं घेऊन घरं दाखवत मी फिरलो, हे खरं आहे. मत देतो म्हणालो, हेही खरं. पण मतदानाच्या आदल्या दिवशी गावच्या पुढाऱ्याचा निरोप आला. आता मशीन आलंय, बूथवार आकडा कळतो, वस्तीचं एक जरी मत इकडे-तिकडे गेलं तर पुढच्या वर्षी कुणाला साल मिळणार नाही. मी तेव्हा सालदार होतो, वर्षाच्या बोलीवर त्याच पुढाऱ्याच्या शेतात. चावडीत सगळ्या पुरुषांनी ठरवलं, मीही मान हलवली. मशीनपुढे कपबशी दिसली. तिच्यावरून बोट खाली नेलं आणि दुसरं बटण दाबलं.

निकालानंतर तुमचे आबा चावडीत आले. हरलेला माणूस, डिपॉझिट गेलेला, आणि एका मताचे आभार मानायला आलेला. त्यांना ओळखीचा चेहरा माझाच. 'तूच ना रे?' म्हणाले. मी मान हलवली नाही ताई, मी नुसती खाली घातली, लाजेने. त्यांनी मिठी मारली. मिठीत सापडलेल्या माणसाने काय बोलावं?

घरी आलो तर द्रौपदा, म्हणजे माझी मंडळी, कळण्याच्या भाकरी थापत होती. तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "ते मत मनं व्हतं."

मी म्हटलं, कशाला दिलंस? म्हणाली, "त्यानी मनं नाव इचारं. वहीमा लिखं." बाकीचे उमेदवार आले, ते मला नमस्कार करून गेले. ती दारात उभी असायची, तिच्याकडे कुणी बघितलं नाही. तुमच्या आबांनी विचारलं, अक्का तुमचं नाव काय. मी तेव्हा पुढच्या घरी गेलो होतो. एवढ्यासाठी तिने मत दिलं. पुढाऱ्याला भ्यायली नाही, मलाही भ्यायली नाही.

मी तिला गप्प राहायला सांगितलं. त्या मिठीपायी आठ दिवसांत माझं साल सुटलं. तेव्हापासून मी स्वतःला समजावलं की किंमत मी मोजली, म्हणजे मत माझंच. मग आबांनी जीपवर घेतलं, स्टेजवर उभं केलं, हार घातले. आधारचं एक मत म्हणून पत्रकं छापली. ती बायांच्या रांगेत मागे बसून टाळ्या वाजवायची. घरी आल्यावर एक शब्द नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

तिने एकदाच काही मागितलं. आमच्या वस्तीच्या स्मशानात शेड नाही. ओढ्याकाठी उघडा ओटा आहे. २००३ ला माझी आई भरपावसात गेली. सरण तीन वेळा विझलं. २००९ ला आबा निवडून आले, त्या रात्री द्रौपदा म्हणाली, खासदाराला सांगा, स्मशानाला पत्रे टाका. "आपलं माणूस मरीसन बी ओलं व्हस." मी म्हटलं, सांगतो. तर म्हणाली, "तुमनं नाव नका सांगू. ज्या बाईनी मत दिधं, ती मागी ऱ्हायनी, इतलंच सांगा."

ते मला कसं सांगता येणार होतं? दहा वर्षं रोज आबांच्या शेजारी बसलो. शेकडो लोकांचे अर्ज माझ्या हातून त्यांच्या हातात गेले. तिचा गेला नाही. वर आबा कौतुक करायचे, आधार कधी काही मागत नाही म्हणून.

२०१९ ला आबा पडले, आणि त्याच भाद्रपदात ती गेली. तीन दिवसांची झड होती. घराचे पत्रे उचकटून आम्ही सहा जणांनी सरणावर धरले. वाफेने हात भाजत होते. अर्ध्या तासाने माणसं बदलायची. मी बदललो नाही. पुण्यानुमोदनाला तुमचे आबा आले, बोलायला उभे राहिले, आणि तिथेही त्यांनी माझ्या मताची गोष्ट सांगितली. तिच्या फोटोसमोर. त्या दिवसापासून मी तुमच्याकडे आलो नाही. आबांना वाटलं असेल, पडलेल्या खासदाराकडे आधारही येईना. तसं नव्हतं.

आता काय करायचं ते तुम्ही ठरवा. आजारी माणसाकडे एकच गोष्ट उरली आहे आणि ती मी खोटी ठरवतोय. सांगू नका वाटलं तर सांगू नका. पण सही मी करणार नाही.

आधार


पिंप्राळा, जळगाव
३ ऑगस्ट २०२५

आधारकाका,

उत्तराला उशीर झाला. आधी तुमचा राग आला, मग स्वतःचा आला. द्रौपदाकाकूंच्या हातचं मी किती वेळा जेवले असेन. त्यांच्याशी काय बोलले ते आठवत बसले तर एवढंच आठवलं, की त्या वाढायच्या.

पत्र महिनाभर पर्समध्ये होतं. घरात मी सोडून कुणाला माहीत नाही. रोज दुपारी आबा तीच गोष्ट सांगायचे आणि डावा हात उचलायचे, आणि माझ्याने ऐकवेना. शेवटी गेल्या आठवड्यात त्यांच्यापाशी बसले आणि तुमचं पत्र पहिल्यापासून वाचलं. काही गाळलं नाही.

डोळे मिटून ऐकलं त्यांनी. मला वाटलं झोपले. मग विचारलं, "तिनं नाव काय शे?"

काका, पंधरा वर्षं त्यांनी तुमच्या घरी चहा घेतला. मी म्हटलं, द्रौपदाबाई. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. मग डाव्या हाताने माळ्याकडे बोट दाखवायला लागले. जुनी ट्रंक खाली काढली. खासदारकीच्या डायऱ्या त्यांनी ढकलून दिल्या. निळ्या पुठ्ठ्याची एक छोटी वही हवी होती, २००४ ची, प्रचारातली. पान त्यांना एका हाताने उलटता येईना, मी उलटत गेले. सापडलं ते जसंच्या तसं लिहिते.

'बोरटेक वस्ती. द्रौपदाबाई. स्मशानाला पत्रे पाहिजेत. नक्की.'

नक्कीखाली दोन रेघा आहेत. अक्षर आबांचं.

म्हणजे तिने मागितलं होतं काका. तुमच्याआधी पाच वर्षं, खुद्द आबांना, नाव विचारलं तेव्हाच. आणि आबांनी कबूल केलं होतं. दहा वर्षांत त्यांनी सतरा गावांना स्मशानशेड दिल्या, मी ती यादी ग्रंथात छापणार होते. एका सहीचं काम होतं. आबा त्या पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी इसरी गऊ." आणि रडले. आईच्या वेळीही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला अर्ज लिहायला बसवलं. मी लेटरहेड घेतलं, त्यावर माजी खासदार छापलेलं. "ते नको. साधा कागद आन." अर्ज कुणाला, तर आताच्या खासदारांना. ज्यांनी एकोणीसला आबांना पाडलं आणि ज्यांचं नावही आबा घरात घेऊ देत नव्हते, त्यांना. मजकूर दोन ओळींचा. बोरटेक वस्तीच्या स्मशानाला शेड द्यावी. खाली मला लिहायला लावलं, मागणी करणार द्रौपदाबाई, बूथ क्रमांक १४३. आणि त्याखाली, कळवणार झुलाल, आबांचं नुसतं नाव. सही डाव्या हाताने केली. तीन कागद वाया गेले, चौथ्यावर जमली. मी स्वतः कार्यालयात नेऊन दिला, पोच घेतली.

आता दुपारी ते गोष्ट सांगत नाहीत. मी विचारलं तर भिंतीकडे तोंड करतात. तुम्ही या काका. रागावलेले नाहीत ते. काल म्हणाले, "आधार बी, मी बी." पुढचं त्यांना सांगता आलं नाही, पण मला कळलं.

लवकर या.

ज्योत्स्ना


बोरटेक
१४ सप्टेंबर २०२५

ज्योत्स्नाताई,

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात निघायला हवं होतं. धोतर धुऊन ठेवलं, पिशवी भरली. मग वाटलं, पोळा होऊन जाऊ दे. खरं सांगायचं तर धीर झाला नाही. त्यांच्यापुढे जाऊन काय तोंड दाखवायचं, ते ठरवत बसलो आणि पोळ्यानंतर सहाव्या दिवशी प्रशीलला तुमचा फोन आला.

एकवीस वर्षांपूर्वी त्यांनी मिठी मारली तेव्हा मी गप्प राहिलो. या वेळी बोलायला निघालो तर ते ऐकायला नव्हते. माझ्याकडून दोन्ही वेळा उशीर झाला. याचं दुःख आता माझ्यासोबतच जाईल.

जळगावच्या स्मशानात तुम्ही मला दोनदा शेडखाली बोलावलंत. पाऊस पडत होता, आत पंखे होते, बाकं होती, मंत्री-आमदार बसले होते. मी बाहेर उभा राहिलो. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा अजून धरून बसलाय. तसं नाही ताई. आबा कोरडे गेले, याचं मला बरं वाटलं. फक्त मला आत येता येईना. हाताला ते पत्रे आठवत होते.

तिने वहीत लिहवून घेतलं होतं, हे मला तुमच्या पत्रातून कळलं. मला तिने कधी सांगितलं नाही. पाच वर्षं वाट बघितली असेल, खासदार झाल्यावर त्यांना आठवेल म्हणून. नाही आठवलं तेव्हा मला म्हणाली. आणि मी गप्प बसलो, तेव्हा दुसऱ्यांदा कुणाला म्हणाली नाही. आम्हा दोघांनाही तिने परत आठवण केली नाही. माझ्या मनात येतं, मत देऊन तिचं काय भलं झालं? मग वाटतं, तिने ते भल्यासाठी दिलं नव्हतंच. नाव विचारलं म्हणून दिलं होतं.

अर्जाचं अजून काही नाही. ग्रामपंचायतीत विचारलं, म्हणाले वरून आलं की कळेल. सोमवारी पुन्हा जाणार आहे. या वेळी तिचंच नाव सांगतो. तिथला शिपाई विचारतो, या बाई कुठे आहेत, त्यांना आणा.

निघताना तुम्ही विचारलंत, गौरवग्रंथाचा आता स्मृतिग्रंथ होणार, पहिलं प्रकरण काय करायचं. छापा. जसं घडलं तसं छापा. बूथ १४३, एक मत, द्रौपदाबाईचं. आधारने ते एकवीस वर्षं आपलं म्हणून मिरवलं, हेही घाला. प्रशीलला मी वाचून दाखवलं आहे. तो तिसऱ्या दिवशी म्हणाला, छापू द्या. आबांच्या वहीचं ते पानही घाला, त्यांनी हरकत घेतली नसती.

तुम्ही फोटो मागितला होता. माझा नको, तिचा घाला. तिने कधी फोटो काढून घेतला नाही. पुण्यानुमोदनाला मोठा करून घेतला होता, तो ओलीने गेला. आता आहे तो एकच, मतदार ओळखपत्रावरचा. तोंड जरा काळं आलंय, पण ओळखू येते. ते कार्ड या पाकिटात घालतो आहे.

छापून झालं की कार्ड तेवढं परत पाठवा. माझ्याकडे तिचा दुसरा फोटो नाही.

आधार